कस्तुरीच्या पुढं कोण

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी इंगवल्यांच्या गोठ्यात म्हशी कमी आणि माणसं जास्त, अशी गत झाली होती. जो तो येऊन मत देऊन जात होता आणि चहा पिऊन परत आला की तेच मत बदलत होता.

मधोमध कस्तुरी उभी होती. अंगावरचे केस भादरून तिच्या पाठीवर मोर काढला होता, शिंगं तासून रंगवली होती. झुंबरबाई पाटावर बसून तिच्यासाठी कवड्यांची माळ ओवत होत्या. एवढं सगळं आपल्यासाठी चाललंय हे कस्तुरीच्या गावीही नव्हतं. ती रवंथ करत होती. अख्ख्या घरात डोकं ठिकाणावर असलेली तेवढी एकटीच.

उद्या पाडवा. उद्या कसबा बावड्यात म्हशी पळणार. पुढं मालकाची मोटारसायकल आणि मागं म्हैस, मध्ये ना दावं ना काठी, नुसत्या ओळखीवर. जोतीराम आबांपासून इंगवल्यांच्या म्हशीनं एक पाडवा चुकवला नव्हता. आबांच्या मागं त्यांच्या थोरल्या लेकानं, उदयसिंहानं, ते चालवलं. पण श्रावणात उदयसिंह याच गोठ्यात शेणावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. तेव्हापासून वैरण, धारा, पेंड, सगळं त्याच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या अंगावर पडलं होतं. आणि आता हेही.

"वैनी, बोर्ड बघितलास का चौकातला?" नणंद संयोगिता दुधाच्या कॅनच्या ढिगाला वळसा घालत आली. "केवढा मोठा लावलाय मंडळानं! तुझा फोटो, आणि खाली लिहिलंय, 'स्वप्नांचा पाठलाग'."

"फोटो कुठला लावलाय?"

"अनुजाच्या बारशातला. बारीक दिसतेस त्यात."

वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. तिची लेक अनुजा आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

हे सगळं संयोगितानंच उभं केलं होतं. ती इचलकरंजीला दिलेली. तिथं बचत गटांच्या मेळाव्यांत भाषणं करायची, आणि तेव्हापासून कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी करतो, मी जातो' सोडून 'करते, जाते' म्हणू लागली होती. राग आला की मात्र मूळ पदावर यायची. दोन महिन्यांपूर्वी वर्षाराणी एका हातानं पेंड कालवत, फोन खांद्याला दाबून तिच्याशी बोलत होती. बोलता बोलता म्हणून गेली, "कधीकधी वाटतंय बगा वन्सं, यंदा मीच पळवावी हिला." बस्स. एवढंच. पुढच्या मेळाव्यात ते 'माझ्या वहिनीचं स्वप्न' झालं, त्याच्या पुढच्या मेळाव्यात लहानपणापासूनचं स्वप्न झालं, आणि दसऱ्यापर्यंत बावड्यात बातमी फिरली की इंगवल्यांची सून यंदा म्हैस पळवणार. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

वर्षाराणीला आता तर आपण 'वाटतंय' म्हणालो की 'वाटलं तर' म्हणालो, हेही आठवेना. स्वप्न असं असतं का? रात्री पडलं की तिला फक्त दूध नासल्याचं स्वप्न पडायचं.

"मला काय सुदरंना झालंय वन्सं," ती म्हणाली. "समदी म्हणत्यात माझं सपान, माझं सपान. माझं हाय तर मला का कळंना?"

"अगं, आबांनी काय केलं होतं?" संयोगितानं पदर सावरला आणि भाषणाच्या पवित्र्यात उभी राहिली. "घरात काही नव्हतं. उधारीची सायकल, अंगात फाटका सदरा. पण डोळ्यांत स्वप्न होतं! लोक हसले. आबा हसणाऱ्यांकडं न बघता सायकलवर बसले आणि म्हैस मागं पळाली. पहिला हार आबांच्या गळ्यात! तेव्हा बावड्यात कुणी म्हैस पळवायचं धाडस करत नव्हतं."

"धाडस न्हवं, तयारी." बाजल्यावर पाय लांब करून बसलेल्या उदयसिंहानं कुबडी जमिनीवर आपटली. "आबांनी सा म्हयनं पहाटं उठून सराव केलता. रोज सायकल, रोज म्हैस. उगंच मनात आलं आन् उठलं, असं न्हवतं त्ये. हितं एका रात्रीत काय हुणार? विजय पळवूंदे."

विजयसिंह, धाकटा भाऊ, गोठ्याच्या दारातच उभा होता. दोन वर्षांपूर्वी चूल वेगळी झाली तेव्हापासून तो वरच्या मजल्यावर राहत होता आणि गोठ्याचा उंबरा ओलांडत नव्हता. आजही एक पाय आत, एक बाहेर.

"मी?" तो म्हणाला. "दादा, कस्तुरी मला शिंगावर घ्यायला बगती. आन् आबांचं म्हणशील तर सायकल दिलती थोरल्या काकांनी. भावानं भावाला हात दिला म्हणून झालं समदं. आबा आमाला सांगताना ह्येच सांगायचे." हे बोलताना तो उदयसिंहाकडं बघत होता. उदयसिंह कुबडीकडं बघत होता.

एकच गोष्ट, आणि ज्याला जी हवी ती त्यातून काढून घेत होता. वर्षाराणी लग्न होऊन आल्यापासून ती ऐकत होती. बारशाला ऐकली, दहावीच्या निकालाला ऐकली, उदयसिंहानं आणखी दोन म्हशी घेतल्या तेव्हा ऐकली. नवीन काही करायचं असलं की या घरात आबांची सायकल बाहेर निघायची.

"आत्ती, तुमी तरी सांगा," ती सासूकडं वळली. झुंबरबाईंनी आठवडाभर 'बाईमाणसानं कुठं म्हशी पळवल्यात का' एवढं एकच वाक्य धरून ठेवलं होतं. आता त्यांनी माळेचा दोरा दातानं तोडला.

"काय सांगू? मी नवी नवरी हुतो. दारातच हुतो उभी. त्येनी कुठली म्हैस पळीवली गं!"

झुंबरबाईंनी माळ मांडीवर ठेवली.

"सायकलीच्या क्यारेजला पेंडीचं पोतं हुतं. पोतं फाटकं. म्हशीला आला वास. तिनं दावं तोडलं आन् लागली मागं. ह्येनी वळून बगितलं आन् असं घाबरलं, असं घाबरलं, काष्टा सुटला तरी पायडल सोडंनात. चौकात लोकं उभी हुती. म्हणाली, जोतीरामाची म्हैस बगा मालकामागं कशी पळती! धरून गळ्यात हार घातला. मग ह्येनी बी हूं म्हणलं."

"आई!" उदयसिंह अर्धवट उठला आणि कळ येऊन खाली बसला. "आजपतूर बोलली न्हाईस ते?"

"मला इचारलं कुणी? आन् नाव हुतंय माणसाचं, त्यात मी कशाला पाणी घालू?"

अनुजा हसून हसून दावणीला टेकली होती. "मग आज्जी, स्वप्न कुणाचं होतं?"

"म्हशीचं," झुंबरबाई म्हणाल्या. "पेंडीचं."

वर्षाराणीही हसली. बऱ्याच दिवसांत इतकी हसली नव्हती. पण हसू लगेच ओसरलं. ज्या गोष्टीच्या जोरावर तिला गाडीवर बसवायला निघाले होते, तिच्यात एक घाबरलेला माणूस आणि एक भुकेली म्हैस निघाली. मग आता पळवायची कशासाठी? आणि नाही म्हणायचं तर तेही कशासाठी?

"तर काय झालं?" संयोगिता लाल झाली. "मी शंभर ठिकाणी सांगतो ती गोष्ट! बायका रडत्यात ऐकून!"

"मग सांग की. रडू दे," झुंबरबाई म्हणाल्या आणि माळ कस्तुरीच्या गळ्यात घातली. "वर्षा, तुला पळवायची असली तर पळीव बाई. माझं काय न्हाई. मला वाटलं हुतं ह्येनी देवाघरनं बघत्यात, रागवत्याल. पर त्येनी सोताच म्हशीला भिऊन पळाले हुते, आता काय बोलत्यात!"

म्हणजे सकाळी विरुद्ध असलेली सासू दुपारी बाजूनं झाली. संयोगिता, जी बाजूनं होती, ती रुसून माजघरात गेली. अनुजानं सुचवलं की मम्मीच्या स्कूटरला पण पेंडीचं पोतं बांधूया. त्यावर उदयसिंह गरजला, "पेंड दावून म्हैस पळवायची? इंगवल्यांच्या घरात?" आणि मग आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं.

एवढ्यात विजयसिंह बाहेर गेला होता तो वर्षाराणीची स्कूटर ढकलत आत आला. चक्क गोठ्याच्या आत. ही तिची जुनी स्कूटर. तिच्यावर ती पेंड आणायची, दूध घालायची, आणि पहाटे ती फुटफुटत फाटकात आली की म्हशी हंबरायच्या. आता ती ओळखू येत नव्हती. धुऊन पुसून लखलखीत केलेली, हँडलला गोंडे, आरशाला झेंडूची माळ.

"वैनी, सकाळी तुमी दूध घालून आल्यावर न्हेली हुती मिस्त्रीकडं. तुमाला सांगितलं न्हाई," विजयसिंह म्हणाला. दोन वर्षांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. "सायलेन्सर काढून टाकलाय. पाडव्याला गाडीचा आवाज पायजे म्हंजे पायजेच. नाद खुळा आवाज येतोय, ऐका."

त्यानं किक मारली. गोठा हादरला. शेजारच्या नव्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या आणि एक रागानं बंद झाली. बाकीच्या म्हशी दावी ताणून मागं सरल्या. कस्तुरीनं रवंथ थांबवली, कान मागं पाडले आणि स्कूटरकडं परक्या गाडीकडं बघावं तसं बघितलं.

वर्षाराणीनं ते बघितलं. तिला कळायला हवं होतं ते कळलंही. पण विजयसिंहाचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता, आणि तो उंबऱ्याच्या आत उभा होता.

"लई भारी झालीय, भावजी," ती म्हणाली.

संध्याकाळी पूजा उरकल्यावर ती लाह्या-बत्ताशांचं ताट घेऊन उदयसिंहाकडं गेली. तो अजून बाजल्यावरच होता.

"खरं सांग," तो म्हणाला. "तुला पळवायचीय?"

"म्हायती न्हाई."

"मग नको म्हण की. बोर्ड काय, उतरवता येतोय."

"नको बी म्हणवत न्हाई."

त्यानं एक बत्तासा उचलला आणि परत ताटात ठेवला. "पडलीस, लागलं, तर त्येचं मी बगंन. पर ती तुझ्यामागं पळाली, तर पुढच्या वर्सी मी काय करायचं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं सरळ कधी बोलला नव्हता. वर्षाराणीला त्याचा राग आला, कीव आली आणि मायाही आली, आणि तिन्ही एकदम आली. ती ताट तिथंच ठेवून धारेला गेली.

पाडव्याला बावड्यात नुसता धुरळा. हलगी, गुलाल, गाड्यांचे आवाज, मोरपिसं खोचलेल्या म्हशी आणि भिंतींवर चढून बसलेली पोरं. कुणाची म्हैस गाडीच्या अंगाला अंग लावून पळत होती, कुणाची मध्येच थांबून प्रेक्षकांतल्या बाईच्या हातातला केळीचा घड ओढत होती. पळायच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उदयसिंहाला खुर्ची टाकून दिली होती. डोक्याला फेटा, हातात कुबडी. शेजारी झुंबरबाई, मागं सगळं घर.

"आणि आता येत आहेत," भोंग्यावरून आवाज आला, "स्वप्नांचा पाठलाग करणाऱ्या, आपल्या लाडक्या वर्षाराणीवैनी!"

टाळ्या पडल्या. वर्षाराणीनं स्कूटर चालू केली. आवाज असा फुटला की तिला स्वतःचे विचारही ऐकू येईनात, आणि त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं. तिनं गाडी सोडली. वारा तोंडावर आला. लोक ओरडत होते. अर्ध्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं की ते ओरडत नाहीत, हसताहेत.

मागं कोणी नव्हतं. कस्तुरी सुरुवातीच्या जागेवर मोर घेऊन उभी होती आणि रवंथ करत होती.

वर्षाराणी वळून परत आली. पुन्हा निघाली. कस्तुरीनं मान फिरवली.

"वैनी, आत्मविश्वास!" संयोगिता ओरडली.

"रेस करा, रेस! अजून आवाज काढा!" विजयसिंह.

"मम्मी, हॉर्न!"

"पेंड दावा गं कुणीतरी!" झुंबरबाई.

"स्वप्न मागंच राहिलं की वैनी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. कुणी 'नाचता येईना, अंगण वाकडं' म्हणालं. वर्षाराणीला सुचेना. कोणाचं ऐकावं? थांबावं की पुन्हा जावं? एक पाय जमिनीला टेकवून ती मध्येच उभी राहिली. भर रस्त्यात, आपल्याच नावाच्या बोर्डाखाली, इतकी एकटी ती कधीच नव्हती.

आणि तेव्हा रस्त्याच्या त्या टोकाहून हाक आली.

"हुर्रर्र... कस्तुरेऽऽ!"

उदयसिंहाची हाक. सगळा बावडा ती ओळखत होता. कस्तुरीनं मान झटकली आणि सुटली. घुंगरं, कवड्या, धूळ, सगळं घेऊन ती वर्षाराणीच्या स्कूटरला घासून पुढं गेली आणि थेट उदयसिंहाच्या खुर्चीपाशी जाऊन तिनं त्याच्या छातीत डोकं घातलं. काय आवाज उठला! लोकांनी खुर्चीसकट त्याला उचलायचंच बाकी ठेवलं. गुलाल उडाला. "मोडक्या पायानं बी पळीवली! ह्याला म्हणत्यात मालक!"

उदयसिंह हसत होता. मग त्याची नजर गर्दीतून वर्षाराणीवर गेली आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

वर्षाराणीला आधी काही कळलंच नाही. मग पायापासून वर चढत आला तो राग होता. साधा, स्वच्छ, कुणाचाही सल्ला न घेता आलेला राग. ती माझ्यामागं यायला हवी होती. रोज पहाटे मी उठवतो, मी चारतो, तिच्या अंगावरच्या गोचिड्या मी काढतो. मला पळवायची होती. मला! महिनाभर जे शोधून सापडत नव्हतं ते हिरावून नेल्यावर समोर उभं राहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिनं स्कूटर बंद केली आणि ढकलत खुर्चीपाशी आली.

"का हाक मारलीसा?"

"तुझी फजिती व्हायला लागली म्हणून..."

"खरं सांगा."

उदयसिंहानं कस्तुरीच्या कपाळावरचा गुलाल पुसला. "म्हायती न्हाई," तो म्हणाला. "खरंच म्हायती न्हाई, वर्षा. तोंडातनं गेली."

"मला म्हायती झालंय. काल इचारलासा न्हवं? पळवायचीय. बोर्डासाठी न्हाई, आबांसाठी न्हाई. मला पळवायचीय, आन् मी परत पळवणार. तुमी तोंड मिटून बसायचं."

तिनं स्कूटरचं हँडल विजयसिंहाच्या हातात दिलं. "भावजी, ही धरा. आवाज बदललाय हिचा. तिला वळखू येत न्हाई."

विजयसिंहाचा चेहरा उतरला. "आवो, मग काल का न्हाई बोललासा?"

"काल तुमी दोन वर्सांनी आत आलता."

त्यानं स्कूटर घेतली आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले.

"वैनी, तुमचा नंबर झाला," मंडळाचा पोरगा पुढं आला. "मागं म्हैस थांबलीय."

"थांबू दे," वर्षाराणी म्हणाली.

तिनं कस्तुरीच्या म्होरकीला धरून तिला गर्दीतून परत सुरुवातीला नेलं. लोक काय म्हणत होते ते तिनं ऐकलं नाही. माणसं ओळखीची होती की नव्हती हेही बघितलं नाही. म्होरकी सोडली, पदर कमरेला खोचला, चपला कडेला काढल्या.

आणि पळत सुटली. गाडी नाही, काही नाही. सासरच्या थोरांपुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता, तो आता पोटातून निघाला, रोज पहाटे गोठ्यात निघतो तोच. "चल गं बयेऽऽ! चल!"

मागं काहीच वाजलं नाही. ती पळत राहिली. समोर उदयसिंह खुर्चीत पुढं झुकला होता, ओठ हलत होते, हाक गळ्याशी आलेली दिसत होती. मग त्यानं फेट्याचा शेमला ओढला आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. डोळे गच्च मिटले.

"चल गं!" वर्षाराणी पुन्हा ओरडली, आणि मागं घुंगरं वाजायला लागली.